सातव्या महिन्यातलं ग्रहण

माझ्या मुलीचा उजवा अंगठा मी विळीवर कापला, असं माझ्या सासूने आमच्या गावात, निर्ण्यात, घरोघर सांगून ठेवलं आहे. मूल पोटात असताना. ग्रहण लागलेलं होतं, मी दोडका चिरायला बसले, आणि आतल्या बाळाचा अंगठा तुटला. दोडका तिनेच माझ्या पुढ्यात आणून टाकला होता, हे मात्र ती कुणाला सांगत नाही.

मी गावच्या अंगणवाडीत काम करते. पोरं काट्यावर चढवते, वजनं लिहिते, अंडी वाटते. पोराला कडेवर घेऊन आलेल्या बायका हळूच विचारतात, "बाई, गिराणात भाजी चिरली तर खरंच असं होतं का?" विचारतात म्हणजे चौकशी करत नाहीत, मला न्याहाळून घेतात. मी एकीलाही उत्तर दिलेलं नाही. वजन लिहायचं आणि पुढच्या पोराला हाक मारायची.

सासूचं नाव राजूबाई. सासू व्हायच्या आधी ती माझी आत्या, माझ्या अप्पांची सख्खी थोरली बहीण. भावाची लेक सून म्हणून आणायची, ही आमच्याकडे बहिणीची हौसही असते आणि हक्कही. निंबर्ग्याच्या माझ्या माहेरातून तिने मला तानाजीसाठी मागून घेतलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तानाजी माझा आतेभाऊ. गावात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेणार आहे. साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला, ही म्हण मी लहानपणी हसण्यावारी नेली होती.

आमची श्रीलक्ष्मी जन्मली ती एवढीशी. उजव्या हाताला अंगठ्याच्या जागी नुसता मऊ कोंब. पाठीवर दुधाच्या चहासारखे तपकिरी डाग. वाढही बेताची, सहा वर्षांची झाली तरी चार वर्षांच्या पोरींच्या रांगेत शोभायची. मग अंगावर निळे-काळे वळ उठायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बीदरच्या डॉक्टरांनी वर्षभर लोहाचं औषध पाजलं. शेवटी कलबुर्गीला एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे विनीता मॅडम भेटल्या. त्या आनुवंशिक आजारांबद्दल घरच्यांना समजावून सांगायचं काम करतात. त्यांनी श्रीचा हात हातात घेतला, पाठ बघितली आणि पहिला प्रश्न तानाजीला विचारला, "तुम्ही दोघं लग्नाआधीपासून नात्यातले आहात का?"

"न्हाई," तानाजी म्हणाला. "कूळ वेगळं हाय. देवक वेगळं हाय."

मी म्हणाले, "हे माझ्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव आहेत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तानाजी माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जसं काही मी घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडलं. तो खोटं बोलला नव्हता, हे मी त्याच्या वतीने सांगते. आमच्या लोकांचा खरंच असा समज आहे. बहीण लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली की तिचं कूळ बदलतं, देवक बदलतं, आणि त्याबरोबर तिचं रक्तही बदलतं. म्हणून तर तिच्या मुलाला भावाची मुलगी चालते.

महिन्याभराने रिपोर्ट आला. मॅडमनी कागदावर आमच्या घराण्याचं झाड काढलं आणि आम्हाला दोघांना शेजारी बसवून समजावलं. फॅन्का नावाचं एक जनुक असतं. पेशीत काही मोडतोड झाली की दुरुस्त करायचं काम त्याचं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम ओढून नेते, माणसाला पत्ताही लागत नाही. माझ्यात एक बिघडलेली होती. तानाजीतही एक, आणि बिघाड अगदी तोच. तो आमच्या आजा-आजीपैकी एकाकडून खाली आलेला. अप्पांकडून माझ्यात, आत्याकडून तानाजीत. श्रीला दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत मिळाली. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. तिचा मगज वाळत चालला होता.

"आणि ग्रहण?" मी विचारलं.

मॅडम हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी विचारलं, ग्रहण कितव्या महिन्यात होतं? सातव्या, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "बाळाचा अंगठा दुसऱ्या महिन्यात तयार होतो. तुम्ही भाजी चिरली तेव्हा जे व्हायचं ते होऊन पाच महिने झाले होते."

मी घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे आत्याला सांगितले. ती जात्यापाशी तुरीची डाळ भरडत होती. वर न बघता म्हणाली, "गिराण महिना इचारून लागत न्हाई." मी तानाजीकडे बघितलं. तो बोलेल असं वाटलं. त्याने रिपोर्टचं पाकीट कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि तुरीचा भाव बघायला फोन काढला. त्या दिवसापासून त्याने या विषयावर घरात तोंड उघडलं नाही. त्याची आई बोलायची, तो जेवायचा. मी रडायचे, तो जेवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंड दाबणारा हात नवऱ्याचा.

श्रीला दुसऱ्याचा मगज घालायचा होता. जुळणारा माणूस शोधेपर्यंत तिला जंतूंनी गाठलं. गेली तेव्हा आठ वर्षं आणि तीन महिन्यांची होती. त्याला आता दोन वर्षं होतील.

एवढं सगळं झाल्यावर गेल्या दिवाळीत आत्याने जाहीर केलं की धाकट्या मुलासाठी, माझ्या दिरासाठी, श्रीहर्षसाठी ती माझी बहीण नागरत्ना मागणार. दोघी बहिणी एका घरात, म्हणे, भांडणाला जागा नाही. मला हसू आलं आणि मग मी हिशेब मांडला. माझ्यात जे होतं ते नागीतही असू शकत होतं. तानाजीत होतं ते श्रीहर्षमध्येही. दोघांत असलं तर चारांतलं एक मूल माझ्या श्रीसारखं. आणि हे सगळं झाकून ठेवायला आत्याची विळी तयारच होती. दोष रक्तात नाही, मंजूच्या, म्हणजे माझ्या, हातात आहे; मग बहीण करायला काय हरकत?

मी चुलीपुढे उभी राहून सांगितलं, "दोघांचं रक्त तपासल्याबगर सुपारी फुटू देणार न्हाई."

"बघा, कशी जळायलीय," आत्या म्हणाली. "सोताची कूस रिकामी झाली, आता बहिणीची भरलेली बघवंना."

श्रीहर्ष हुमनाबादला बँकेत आहे, शिकलेला आहे. तो म्हणाला, "वहिनी, मला काय झालंय? मी कामून सुई टोचून घेऊ?" तानाजी म्हणाला, "राहू दे ना आता." माहेरी फोन केला तर अप्पा म्हणाले, "अक्काच्या शब्दापुढं मी कधी गेलो न्हाई बाळ." माझे अप्पा, श्रीपतराव, चार गावांच्या पंचायतीत बसतात आणि थोरल्या बहिणीपुढे मांजर होतात.

एकटी नागी तयार झाली. ती चोवीस वर्षांची, आळंदला शाळेत शिकवते, आणि तिला श्रीहर्ष आवडतो. ते तिने मला बसमध्येच सांगून टाकलं. "पण अक्का, तू म्हणायलीस तर देते रक्त. श्रीचं मी बघितलंय की." कलबुर्गीला तिच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा तिने डोळे मिटून माझा हात धरला. मॅडमनी सांगितलं, हिच्या एकटीचं चांगलं निघालं तरी पुरे, मग नवऱ्याचं काहीही असो, मुलांना हा आजार होणार नाही. रिपोर्टला चार आठवडे लागतील.

आत्याने तेवढेही दिवस थांबायचं नाकारलं. मग अप्पांनी कधी नव्हे ते मध्ये पडून तारीख एका आठवड्याने पुढे ढकलली, आणि ती नेमकी रिपोर्टच्या दिवशीच पडली.

रविवारी आम्ही जीप करून निंबर्ग्याला गेलो. दारात मांडव, अंगणात सतरंज्या, आत हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा वास. पाहुणे जमले होते. मला कुणी कामाला हात लावू देईना. शुभकार्यात माझा हात नको, असं आत्याने आधीच फोनवर कळवलं होतं. माझ्या स्वतःच्या आईने माझ्या हातातून हळदीकुंकवाचं ताट काढून घेतलं आणि दुसरीकडे बघितलं. मी न्हाणीघराजवळच्या दगडावर जाऊन बसले. तिथेच फोन वाजला. मॅडमनी रिपोर्ट पाठवला होता आणि खाली मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या. नागरत्नामध्ये तो बिघाड नाही. निश्चिंत राहा.

आता जे सांगते ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. मला आनंद झाला नाही. मला राग आला. इतका राग, की फोन दगडावर आपटावासा वाटला. गेला महिनाभर मी नागीच्या काळजीने झोपत नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी वाट बघत होते की तिच्यातही निघेल. मग मी तो कागद सगळ्यांपुढे धरला असता. बघा, हे आमच्या रक्तात आहे, माझ्या हातात नव्हतं. माझ्या सुटकेसाठी मला माझी बहीण नासलेली हवी होती.

आणि दुसरंही माझ्या लक्षात आलं. नागी या घरात आली की तिला धडधाकट मूल होईल. घर तेच, आईबाप तेच, सख्खी बहीण, आणि तिचं मूल चांगलं. मग गावाला पुरावाच मिळेल. दोष मंजूचाच होता, बघा.

एक शब्द खोटा बोलले असते तर लग्न मोडलं असतं. रिपोर्ट माझ्याच फोनवर आलेला, मागून कुणी बघितला नसता. मी तो शब्द जिभेवर घोळवून बघितला.

आत्या मांडवातून ओरडली, "काय गं मंजे, आला का तुझा कागद? का अजून सुपारी हातातच धरून बसायची?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. नागी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला बघितलं आणि माझ्या जिभेवरचा शब्द विरघळला.

"आला," मी म्हणाले. "नागीत काही न्हाई. करा खुशाल."

नागीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. अप्पांनी पंच्याने डोळे पुसले. आत्या उठून उभी राहिली. ती असली संधी सोडत नाही. "ऐकलं का सगळ्यांनी? माझ्या माहेरचं रगत चोख हाय! मी पहिल्यापासून सांगायलेय. ज्याच्या हातनं झालं त्याच्या हातनं झालं." मग तिने स्वतः अडकित्ता घेतला आणि भटजींच्या पुढ्यात सरकवला. सुपारी फुटली. लोकांनी अक्षता टाकल्या. तानाजीने पण टाकल्या.

जेवणं झाली. मी भांडी आत नेत होते. खरकट्याला माझा हात चालत होता. नागी मागून येऊन गळ्यात पडली. "अक्का, तू नसतीस तर मी आयुष्यभर भीतच राहिले असते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला तेव्हा खरंच थोडं बरं वाटलं. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "पण अक्का, एक इचारू? तुझ्या एकटीतच हाय म्हणल्यावर श्रीला कसं झालं गं? दोघांचं लागतं ना?"

"माझ्या एकटीत कुठं? दोघांत हाय."

"दाजी तर म्हणले त्यांचा रिपोर्ट साफ आला म्हणून."

"कधी म्हणले?"

"तवाच की. श्री होती तवा. अप्पांनी इचारलं, तर म्हणले, डॉक्टरनी दोघांचं तपासलं, मंजूतच निघालं. अप्पांना, आईला, सगळ्यांना तसंच ठाऊक हाय."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं मी समजत होते की तानाजी गप्प आहे. भित्रा आहे, आईपुढे तोंड उघडत नाही, एवढंच. तो गप्प नव्हता. माझ्या बापाला, माझ्या घरात, माझ्या माघारी, तो खोटं सांगून आला होता. म्हणून आईने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं होतं.

बाहेर जीप निघायला तयार होती. आत्या पुढे बसली होती, मांडीवर शिदोरीचं गाठोडं. श्रीहर्ष आणि दोन पाहुणे मागे. तानाजी दार धरून उभा. अप्पा, आई, नागी निरोप द्यायला आले. मी जीपपाशी जाऊन थांबले.

"बस की," तानाजी म्हणाला.

"बसते. त्याच्या आधी तुम्ही एक वाक्य बोलायचं. इथं, सगळ्यांपुढं. तुमच्या रिपोर्टमध्ये काय आलं ते."

"मंजू, घरी बोलू."

"घरी तीन वर्षं मी एकटीच बोलायलेय. तुम्ही बोलला न्हाईत तर मी हितंच राहते. मग लोक इचारतील, थोरली माहेरी का बसली. आणि या सुपारीचं काय व्हायचं ते होऊ दे."

आई पुढे आली. "अगं, पोरीचं जमलेलं मोडशील!" नागीने माझा दंड धरला. "अक्का, बस ना गं. पाया पडते." मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बसले असते.

आत्या जीपमधून ओरडली, "राहू दे तिला तिथंच! तानाजी, चढ वर!"

तो चढला नाही. त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा मागे बसलेल्या श्रीहर्षकडे. मग अप्पांच्या पायांकडे बघत म्हणाला, "माझ्यात बी हाय, मामा. तेच. हिच्यात हाय तेच. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"आणि ते आईकडनं आलंय," तानाजी म्हणाला. आता सुरू झालाच होता तर थांबला नाही. "डॉक्टरनी झाड काढून दाखवलं. तुमच्यातनं हिच्यात आणि आईतनं माझ्यात. नागीचं नशीब, तिच्यात उतरलं न्हाई."

आत्याने अप्पांकडे बघितलं, भाऊ म्हणून काहीतरी बोलेल या आशेने. अप्पांनी पंचा खांद्यावरून काढून परत खांद्यावर टाकला. "अक्का," ते म्हणाले, "एवढं बोलायला नको होतं तू पोरीला."

मग आत्याला वाचा फुटली. "हिनं पढवलंय त्याला! रिकाम्या कुशीची! माझ्या पोराच्या तोंडून माझ्या माहेराला नावं ठेवायला लावलीस!" माहेर तिचं आणि माझं एकच आहे, हे तिच्या ध्यानात नव्हतं. ती ओरडत राहिली. श्रीहर्ष तिचा हात धरून म्हणाला, "आई, पुरे."

मी उभी होते. हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती वर्षं घालवली होती. ऐकलं की छातीवरचं ओझं उतरेल असं वाटत होतं. उतरलं नाही. इतकं सोपं होतं ते? एवढ्याशा श्वासात मावणारं? तानाजीने डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाला, "झालं ना आता? बोललो ना मी?"

त्याला वाटत होतं की हे मला ऐकायचं होतं. मलाही तसंच वाटत होतं.

"उशीर झाला," मी म्हणाले. "हे श्रीला ऐकवायचं होतं."

दवाखान्यातला शेवटचा आठवडा. श्रीच्या ओठांवर खपल्या धरल्या होत्या, बोलायला त्रास व्हायचा. तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवं असेल. ती म्हणाली, "आई, आज्जी सांगते ते मला ठाऊक हाय. पण मी तुझ्यावर रागावले न्हाई. तू मुद्दाम न्हाई कापलंस." आणि माझ्या गालावरून तो बिनअंगठ्याचा हात फिरवला. मी तो हात गालाशी धरून नुसती रडले. माझ्या पोरीने मला माफ केलं, मी न केलेल्या गोष्टीसाठी, आणि तसंच मनात धरून ती चार दिवसांनी गेली.

"तुम्ही खाटेच्या पलीकडं होता," मी तानाजीला म्हणाले. "मोसंबी सोलत बसलता. सगळं ऐकलं तुम्ही."

त्याने मान खाली घातली. ऐकलं होतं त्याने.

नागी अजून माझा दंड धरून होती. मी तिची बोटं सोडवली. शब्द दिला होता म्हणून जीपमध्ये चढले आणि मागच्या बाकावर, श्रीहर्षच्या शेजारी बसले. तानाजी माझ्या शेजारच्या जागेकडे बघत खाली उभा राहिला. ड्रायव्हरने त्याला विचारलं, "येताय ना?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी सरकून जागा दिली नाही.